घरी कोण आहे? : हृदयविकारानंतरच्या आयुष्याविषयी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या गावचे डॉक्टर. त्यांच्या जुन्या रुग्णांना विचारलं तर ते औषधांविषयी फारसं बोलत नाहीत. डॉक्टर घरची चौकशी करायचे, हे मात्र सगळे सांगतात. मुलगा नोकरीला लागला का, सून माहेराहून आली का, यंदा सोयाबीनचं काय झालं. आपण ही आठवण त्यांचा चांगुलपणा म्हणून जपतो. आज मला असं मांडायचं आहे की ती चौकशी उपचाराचाच भाग होती. निदान हृदयरोगाच्या बाबतीत तरी याला भक्कम पुरावा आहे, आणि तो असूनही आपली रुग्णालयं त्याप्रमाणे वागत नाहीत.

विषय मी मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. झटका कशाने येतो, यावर मी बोलणार नाही. झटका आला, माणूस वेळेत रुग्णालयात पोचला, वाचला आणि घरी गेला. तिथून पुढच्या सहा महिन्यांत, वर्षात, पाच वर्षांत कोण टिकतं आणि कोण जातं, एवढाच प्रश्न घेतला आहे.

डिस्चार्जचा दिवस तुम्हा सर्वांच्या ओळखीचा आहे. बिलाची धावपळ, विम्याची किंवा योजनेची मंजुरी, औषधांची पिशवी, हातात फाईल. फाईलमध्ये इकोचा रिपोर्ट असतो, अँजिओग्राफीची सीडी असते, कोणत्या रक्तवाहिनीत किती टक्के अडथळा होता आणि कोणता स्टेंट घातला ते असतं. मग गोळ्यांची यादी. मीठ कमी, तेल कमी, तंबाखू बंद, पंधरा दिवसांनी दाखवायला या. हा माणूस कुणाच्या घरी चालला आहे, याविषयी त्या फाईलमध्ये एक ओळही नसते. तो एकटा राहतो का, मनातलं सांगावं असं त्याला कुणी आहे का, डोक्यावर कर्ज किती आहे, झटक्यानंतर त्याला रात्री झोप लागते का, यातलं काहीही कुणी लिहीत नाही. कारण या गोष्टी घरगुती समजल्या जातात. त्या घरगुती आहेत खऱ्या, पण त्यांचा मृत्यूशी संबंध मोजला गेलेला आहे. तो हिशेब आधी तुमच्यापुढे ठेवतो.

१९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा त्यांनी वर्षभर मागोवा घेतला. माणसाच्या सामाजिक आयुष्याचा त्याच्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचं होतं. त्यात घरी पाळीव प्राणी आहे का, हेही विचारलेलं होतं. ज्यांच्या घरी प्राणी होता अशा ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले. ज्यांच्या घरी नव्हता अशा ३९ जणांपैकी ११ दगावले. कुत्र्याला फिरवल्याने व्यायाम होत असेल, ही शंका साहजिक होती. म्हणून कुत्रा पाळणाऱ्यांना वगळून पाहिलं, तरी फरक उरलाच. ९२ माणसांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, आणि पुढच्या सगळ्याच अभ्यासांत प्राण्यांचा असा फायदा दिसला असंही नाही. पण औषधांपलीकडे असं काय आहे ज्यावर या रुग्णाचं जगणं अवलंबून असतं, हा प्रश्न त्यानंतर बाजूला सारता आला नाही.

१९८४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये विल्यम रुबरमन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. बीटा ब्लॉकर गोळीची एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली होती. तिच्यात सामील असलेल्या, झटक्यातून वाचलेल्या २,३२० पुरुषांची माहिती त्यांनी मुलाखतींतून गोळा केली. दोन गोष्टी तपासल्या. माणूस समाजापासून तुटलेला आहे का, म्हणजे मित्र-नातेवाइकांकडे जाणं-येणं आहे का, एखाद्या मंडळात किंवा चर्चमध्ये ऊठबस आहे का. आणि आयुष्यात ताण किती आहे: नोकरीचे प्रश्न, मोडलेला संसार, पैशाची ओढाताण. ज्यांच्या वाट्याला एकटेपणा आणि ताण दोन्ही भरपूर आले होते, त्यांच्या मृत्यूचा धोका दोन्ही कमी असलेल्यांच्या चौपटीहून अधिक निघाला. याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. कमी शिकलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त होतात, हे माहीत होतं. रुबरमन यांनी दाखवलं की ताण आणि एकटेपणा सर्वांत जास्त कमी शिकलेल्यांच्याच वाट्याला येतात आणि मृत्यूतली तफावत त्यातून उलगडते.

१९९२ साली एकाच वर्षात तीन अभ्यास आले. ड्यूक विद्यापीठाच्या रेडफर्ड विल्यम्स यांनी १,३६८ रुग्ण पाहिले. सगळ्यांची अँजिओग्राफी झालेली, म्हणजे कुणाच्या रक्तवाहिन्या किती बिघडल्या आहेत हे नेमकं ठाऊक. ज्यांना जोडीदार नव्हता आणि मनातलं सांगावं असं कुणीच नव्हतं, त्यांच्यातले ५० टक्के पाच वर्षांनी हयात होते. ज्यांना जोडीदार किंवा असं एखादं जवळचं माणूस होतं, त्यांच्यातले ८२ टक्के हयात होते. गोतावळा लागत नव्हता, एक माणूस पुरत होतं. याच अभ्यासात वर्षाला ४० हजार डॉलर किंवा अधिक मिळवणाऱ्यांपैकी ९१ टक्के पाच वर्षं जगले आणि १० हजार किंवा त्याहून कमी मिळवणाऱ्यांपैकी ७६ टक्के. दुसरा अभ्यास रॉबर्ट केस यांचा, झटक्यातून वाचलेल्या १,२३४ जणांचा. पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू, याचं प्रमाण कुणाच्या सोबतीने राहणाऱ्यांत ८.८ टक्के होतं आणि एकट्याने राहणाऱ्यांत १५.८ टक्के.

तिसरा अभ्यास येल विद्यापीठाच्या लिसा बर्कमन यांचा. न्यू हेवनमधल्या ज्येष्ठ नागरिकांची त्यांनी वर्षानुवर्षं माहिती ठेवली होती. कठीण प्रसंगी मनाला आधार देणारं कुणी आहे का, हा प्रश्न त्यांना झटका येण्याच्या आधीच विचारलेला होता. पुढे त्यांच्यातल्या १९४ जणांना झटका आला. ज्यांनी आधी 'असं कुणी नाही' म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यात सहा महिन्यांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. आजाराची तीव्रता, वय, इतर दुखणी हे सगळं हिशेबात धरूनसुद्धा. आजारामुळे माणूस एकटा पडला असेल, हा आक्षेप इथे घेता येत नाही, कारण एकटेपणाची नोंद आजाराच्या आधीची आहे.

मग १९९३. माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि फ्रान्स्वा लेस्पेरान्स यांनी झटक्यानंतर रुग्णालयातच २२२ रुग्णांशी बोलून मानसिक अवस्था तपासली. ३५ जणांना तीव्र नैराश्य होतं, म्हणजे साधारण सहांत एकाला. सहा महिन्यांत एकूण १२ जण दगावले. हृदयाची ताकद, आधीचा झटका अशा गोष्टींचा हिशेब केल्यावरही नैराश्य असलेल्यांच्या मृत्यूचा धोका चौपटीहून जास्त राहिला. नंतर अनेक देशांत असे अभ्यास झाले आणि झटक्यानंतर सुमारे पाचांत एका रुग्णाला तीव्र नैराश्य असतं, हे आज सर्वमान्य आहे. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने शिफारस केली की झटक्यानंतरचं नैराश्य हा धोक्याचा घटक मानावा. मधुमेह आणि रक्तदाब ज्या यादीत आहेत, त्याच यादीत.

आपल्याकडचा रुग्ण 'मला डिप्रेशन आलंय' असं म्हणत नाही. तो म्हणतो, करमत नाही. जेवण जात नाही. छातीत धडधडतं. आता काय राहिलंय. घरचे म्हणतात, एवढं मोठं दुखणं झालं, थोडं वाटणारच. डॉक्टर म्हणतात, इको चांगला आहे, काळजी करू नका. तिघांपैकी कुणाचंच बोलणं चुकीचं नसतं आणि तरीही आजार तिघांच्या मधून निसटून जातो.

मनाचं दुखणं हृदयापर्यंत पोचतं कसं? वाटा दोन आहेत. पहिली सरळ शरीरातून जाते. भीती, दुःख, सततची काळजी यांनी अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. नैराश्यात रक्तातल्या बिंबिका अधिक चिकट होतात, म्हणजे गुठळी लवकर धरते. निरोगी हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर क्षणाक्षणाला थोडं बदलत असतं, तो लवचीकपणा नैराश्यात कमी होतो आणि ठोक्यांचा ताल बिघडण्याचा धोका वाढतो. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज इथे भूकंप झाला. त्या परगण्यात रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे आकस्मिक मृत्यू आधीच्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होते. भूकंपाच्या दिवशी ते २४ झाले. शोकाचंही असंच आहे. ब्रिटनमध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले २१३ जण गेले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण ४० टक्के जास्त होतं, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकाराचे होते.

दुसरी वाट रोजच्या वागण्यातून जाते. ज्याचं कशातच मन लागत नाही, तो गोळ्या चुकवतो, फिरायला जात नाही, पुन्हा तंबाखूकडे वळतो, तपासणीची तारीख टाळतो. ज्याच्याकडे बघणारं कुणी नाही, त्याला हटकणारंही कुणी नसतं. रुबरमन यांनी ज्या बीटा ब्लॉकर चाचणीतले रुग्ण पाहिले, तिच्यातूनच १९९० मध्ये एक विलक्षण निष्कर्ष आला. ज्यांनी नेमून दिलेल्या गोळ्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त घेतल्या नव्हत्या, त्यांच्यात वर्षभरात मृत्यू येण्याची शक्यता नियमित गोळ्या घेणाऱ्यांच्या २.६ पट होती. आश्चर्य असं की औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी ज्यांना दिली होती, त्यांच्यातही हाच फरक दिसला! त्या गोळीत काहीच नव्हतं. मग वाचवत काय होतं? ज्याच्या हातून रोजची गोळी वेळेवर घेतली जाते, त्याच्या आयुष्याला घडी बसलेली असते, उद्यासाठी काही कारण असतं, बहुधा आठवण करून देणारं कुणी असतं. गोळी हे त्या सगळ्याचं बाहेर दिसणारं चिन्ह होतं.

इथे एका गैरसमजाला थांबवायला हवं. हे सगळं ऐकून कुणी रुग्णाला म्हणेल, 'तू टेन्शन घेतोस म्हणून तुला अटॅक आला.' असं म्हणू नका. १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांनी घाईच्या, चुरशीच्या, चटकन रागावणाऱ्या स्वभावाला 'टाइप ए' म्हटलं आणि असा स्वभाव हृदयविकाराला आमंत्रण देतो, असं मांडलं. जगभर ते गाजलं. पण १९८८ मध्ये त्यांच्याच अभ्यासातल्या, हृदयविकार झालेल्या २५७ पुरुषांची पुढची हकीकत पाहिली गेली. झटक्यानंतरचा पहिला दिवस निभावून गेलेल्यांत टाइप ए माणसांचे मृत्यू शांत स्वभावाच्या माणसांपेक्षा कमी निघाले. स्वभावाला दोष देण्याची सवय किती पोकळ आहे, हे यातून कळावं. ज्या घटकांचा पुरावा टिकला, ते माणसाच्या परिस्थितीचे आहेत: सोबत नसणं, पैसा नसणं, नैराश्याचा आजार होणं. कुणीही ते स्वतः निवडत नाही.

आता या विषयाची अवघड बाजू. एकटेपणाने आणि नैराश्याने मृत्यू वाढतात, तर ते दूर केल्याने मृत्यू कमी व्हायला हवेत. तसं झालं का? माँट्रियलच्याच फ्रेझर-स्मिथ यांनी १,३७६ रुग्णांवर चाचणी केली. दरमहा फोनवरून रुग्णाच्या मनाची अवस्था विचारायची, ताण जास्त वाटला की परिचारिकेने घरी जायचं. १९९७ मध्ये निकाल आला: एकूण फायदा नाही, आणि स्त्रियांमध्ये तर मृत्यू उलट जास्त दिसले. त्यानंतर अमेरिकेत सरकारी खर्चाने २,४८१ रुग्णांची भव्य चाचणी झाली. नैराश्य असलेल्या किंवा आधार नसलेल्या रुग्णांना मानसोपचार, गरज पडली तर नैराश्याची औषधं. २००३ च्या निकालात रुग्णांचं नैराश्य कमी झालं, आधारही वाढला, पण मृत्यू आणि दुसरा झटका यांत काहीच फरक पडला नाही. दोन्ही गटांत मृत्यू आणि झटका टळलेल्यांचं प्रमाण ७५.९ टक्के आणि ७५.८ टक्के, इतकं सारखं.

हे निकाल लपवून मी तुमच्याशी बोललो असतो तर या व्यासपीठाशी ते प्रामाणिक ठरलं नसतं. पण त्यांचा अर्थ काय घ्यायचा? काही लोकांनी अर्थ काढला की मनाची बाब गौण आहे. मला तो अर्थ मान्य नाही. ज्या उपचाराने माणसाची झोप, भूक, जगण्याची इच्छा परत येते, त्याला मृत्यूदर कमी करूनच स्वतःची लायकी सिद्ध करावी लागावी, ही अट आपण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला घालत नाही. आणि दुसरं, सगळे प्रयत्न फसलेले नाहीत. जे यशस्वी झाले ते का झाले, हे पाहिलं तर पुढचा रस्ता दिसतो.

स्टॉकहोममध्ये क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर यांनी आयुष्यभर स्त्रियांच्या हृदयविकारावर काम केलं. २००० साली त्यांनी दाखवलं की पतीशी सतत तणावाचे संबंध असलेल्या रुग्ण स्त्रियांना पुन्हा झटका येण्याचा किंवा मृत्यूचा धोका जवळजवळ तिप्पट असतो. घरात माणूस असणं आणि माणसाचा आधार असणं यात किती अंतर आहे, ते इथे कळतं. मग त्यांनी २३७ स्त्रिया घेतल्या. निम्म्यांना नेहमीचे उपचार, उरलेल्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर लहान लहान गटांत, वर्षभर, फक्त स्त्रियांच्या बैठका. घरचा ताण, नोकरीचा ताण, आजाराची भीती, औषधं, यावर एकमेकींशी बोलायचं आणि ताण हाताळण्याची कौशल्यं शिकायची. सरासरी सात वर्षांनी नेहमीच्या उपचारांच्या गटात २० टक्के स्त्रिया गेल्या होत्या, बैठकांच्या गटात ७ टक्के. उप्सालामध्ये ३६२ रुग्णांच्या अशाच गटबैठका झाल्या आणि २०११ च्या निष्कर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांचे पुन्हा होणारे आघात ४१ टक्क्यांनी कमी निघाले. औषधांचाही अनुभव आशादायक आहे. कोरियात नैराश्य असलेल्या ३०० हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना २४ आठवडे एस्सिटालोप्रॅम दिलं. आठ वर्षांनी त्यांच्यातल्या ४०.९ टक्के लोकांना मृत्यूने किंवा हृदयाच्या मोठ्या आघाताने गाठलं होतं, औषध न मिळालेल्यांत ५३.६ टक्के.

माँट्रियल आणि स्टॉकहोम शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी यंत्रणा रुग्णाच्या दुःखाची नोंद घेत होती आणि धावून जात होती. दुसऱ्या ठिकाणी त्याच त्याच बायका वर्षभर ठरल्या वेळी भेटत होत्या आणि रोजच्या जगण्याची कौशल्यं एकमेकींसमोर शिकत होत्या. माझं वाचन असं की दीर्घ मुदतीची, नियमित, समदुःखी माणसांची सोबत आणि तिच्याच हातात हात घालून औषध, व्यायाम, तपासणी, हे एकत्र आलं की फळ मिळतं. हे अभ्यास लहान आहेत. पण त्यांची दिशा स्पष्ट आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या पाहणीत भारतातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतले २०,४६८ रुग्ण होते. लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास. तीस दिवसांत श्रीमंत रुग्णांपैकी ५.५ टक्के गेले, गरिबांपैकी ८.२ टक्के. उपचारांतली तफावत हिशेबात धरली तेव्हा हा फरक नाहीसा झाला. गरिबांची हृदयं वेगळी नव्हती, त्यांना मिळालेले उपचार वेगळे होते. एकटेपणाविषयी बोलताना पैशाचा विषय सोडून देणारा माणूस अर्धंच खरं बोलतो. हप्ता थकला म्हणून ज्याची झोप उडाली आहे, त्याला नुसतं 'मन प्रसन्न ठेवा' सांगणं हा उपचार नाही.

भारतातल्या दोन चाचण्या आशा वाढवणाऱ्या आहेत. एकीत १४ रुग्णालयांतल्या ८०६ रुग्णांसाठी सामाजिक आरोग्य कार्यकर्ते नेमले. हे डॉक्टर नव्हेत. रुग्णालयात चार भेटी आणि घरी दोन, एवढंच त्यांचं काम. वर्षाअखेरीस त्यांच्या रुग्णांपैकी ९७ टक्के लोक औषधं नीट घेत होते, इतरांपैकी ९२ टक्के. रक्तदाब, वजन, तंबाखू यांतही सुधारणा होती. दुसरी चाचणी २४ केंद्रांतल्या ३,९५९ रुग्णांची, योगावर आधारित पुनर्वसनाची. २०२० च्या निकालात मृत्यू आणि झटके निर्णायकपणे कमी झाले असं म्हणता आलं नाही, पण जगण्याची प्रत सुधारली आणि अधिक लोक आपल्या आधीच्या कामांकडे परतले. पुन्हा शेतात जाणं, दुकानाचं शटर स्वतः उचलणं, नातवाला शाळेत सोडणं, याची किंमत हृदयरुग्णाला विचारा.

आपल्या घरांत काय होतं, तेही पाहू. पहिले आठ दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. नारळपाणी, सफरचंदं, आणि कुणाकुणाला अटॅक येऊन कसं झालं त्याच्या कहाण्या. तिसऱ्या महिन्यात कुणी येत नाही, आणि धोका तेव्हा संपलेला नसतो. पुरुष असेल तर त्याला खुर्चीत बसवून ठेवतात: तुम्ही काही करू नका. त्याचा कट्टा तुटतो, बाजार तुटतो, घरातला शब्द जातो. बाई असेल तर उलट: पंधराव्या दिवशी ती ओट्यापाशी उभी असते, कारण तिच्या आजारपणाला घरात जागाच नसते. तिच्या गोळ्या संपल्या की महिनाअखेरपर्यंत थांबतात. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, न्यू जर्सीला आहेत. ती वाईट नाहीत, लांब आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच: रोज ठरल्या वेळी फोन करा आणि 'गोळ्या घेतल्या का' यापुढे जाऊन आज कोण भेटलं, ते विचारा.

पण सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. व्यवस्थेने काय करावं, याचं उत्तर महाराष्ट्राने स्वतःच एकदा शोधलेलं आहे. गडचिरोलीतल्या ३९ गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात बालमृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. पुढे हे देशाचं धोरण झालं. आज रुग्णालयात जन्मलेलं बाळ घरी आलं की आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्याच्या घरी येते. सहा भेटी, तारखा ठरलेल्या. त्याच डॉ. अभय बंग यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहून मराठी वाचकांना हृदयविकारात मनाचं स्थान समजावलं. हे दोन धागे एकत्र बांधायचं काम आपलं आहे. झटक्यातून वाचलेला माणूसही पहिल्या काही आठवड्यांत बाळासारखाच नाजूक असतो. बाळासाठी सहा भेटी आहेत. त्याच्यासाठी एकही नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, डिस्चार्जच्या कागदावर एक रकाना वाढवा: घरी कोण आहे, आणि मनातलं कुणाशी बोलता? उत्तर 'कुणी नाही' असेल तर तो रुग्ण जास्त धोक्याचा मानून त्याच्या तारखा जवळ घ्या. दुसरी, प्रत्येक तपासणीत दोन प्रश्न विचारा: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का? उदास, निराश वाटलं का? 'हो' आलं तर पुढची तपासणी आणि उपचार करा. सर्ट्रालिनसारखं औषध हृदयरुग्णांना सुरक्षित आहे, हे २००२ सालीच चाचणीने दाखवलं. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. हा क्रमांक फाईलवर छापा.

तिसरी मागणी माणसांची आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये रुग्णांच्या घरच्या परिस्थितीकडे पाहण्यासाठी स्वतंत्र समाजसेविका नेमली. भारतात असं पहिलं पद १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात निर्माण झालं. म्हणजे हे काम महाराष्ट्राला नवं नाही. समाजसेवा अधीक्षकांची पदं भरा. सरकारी आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात.  त्यांचं काम डिस्चार्जनंतरही चालू ठेवा. प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून, त्यांना योग्य मोबदला देऊन, पहिल्या तीन महिन्यांत सहा गृहभेटी ठरवा. आशा ताईंवर आधीच पुष्कळ ओझं आहे. हे फुकटात त्यांच्या माथी मारू नका.

चौथी मागणी या सभागृहाकडे आहे. आपल्या गावात ज्येष्ठ नागरिक संघ आहे, वाचनालय आहे, भजनी मंडळं आहेत, महिला बचत गट आहेत. दर पंधरा दिवसांनी हृदयरुग्णांची बैठक घ्यायला एक खोली, एक सतरंजी आणि एक जबाबदार माणूस लागतो. स्त्रियांची बैठक वेगळी ठेवा. स्टॉकहोमला वर्षभर चालली, आपणही वर्षाची तयारी ठेवू. डॉक्टर मंडळींनी आळीपाळीने यावं, एखाद्या परिचारिकेने रक्तदाब मोजावा, गोळ्यांचे प्रश्न सुटावेत आणि मग एकमेकांशी बोलणं व्हावं. पहिल्या वर्षी वीस माणसं जमली तरी पुष्कळ झाली.

स्टेंटने रक्तवाहिनी उघडते, गोळी गुठळी होऊ देत नाही, आणि या दोन्ही गोष्टींसाठी मी विज्ञानाचा ऋणी आहे. त्याच विज्ञानाने चार दशकांहून अधिक काळ आकडे मांडून सांगितलं आहे की ज्याला कुणी विचारत नाही, तो लवकर जातो. हे कळल्यावर विचारणं हे आपलं कर्तव्य ठरतं, डॉक्टरांचं, सरकारचं आणि शेजाऱ्याचंही. पहिल्या बैठकीची तारीख आजच, इथून उठण्याआधी ठरवावी, अशी माझी अध्यक्ष महोदयांना विनंती आहे. तिला मी येईन.